इस्त्री केलेला तंबू

सातवीनंतर माझी शाळा सुटली आणि एकोणिसाव्या वर्षी मी परभणीकडच्या गावातून बंगळूरला आले, तयार कपड्यांच्या कारखान्यात. दीड वर्षात तो बंद पडला. घरच्यांशी भांडून निघालेली, परत जायला तोंड नव्हतं. चामराजपेटेतल्या अक्कांनी ठेवून घेतलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

अक्का तिथल्या जुन्या मराठी घरातल्या, पन्नाशीच्या, गुडघ्याला फडकं बांधून डोंगर चढणाऱ्या. मागच्या पडवीत त्या पाठपिशव्या आणि तंबू शिवून घेत. महिन्यातून एकदा पुण्याकडून आलेल्या कॉम्प्युटरवाल्या पोरापोरींना दूरच्या जंगलात नेत. त्यांच्यातल्या नवा बूट घेणाऱ्याला त्या आधी दुकानाचा जिना उतरायला लावत. "चढताना कुठलाही बूट बराच वाटतो रे. उतरताना अंगठा आपटला की ठेव परत." तंबूच्या कापडाची झोळी करून तीत तांब्याभर पाणी ओतायच्या आणि जेवून यायच्या. खाली थेंब दिसला की ठाण कापडवाल्याला परत.

पहिलं वर्ष मी पिशव्यांचे पट्टे शिवले. मग एका ऑक्टोबरात अक्कांनी अख्खा तंबू माझ्याकडं दिला. घाटातल्या कुमारपर्वतावर तो त्या स्वतः नेणार होत्या.

टाके सरळ आले, पण कापडावर ठाणाच्या घड्या उठून दिसत होत्या. कारखान्यात घडी दिसली की माल तोंडावर परत यायचा. म्हणून मी इस्त्री तापवली आणि आतल्या बाजूनं सगळा तंबू कडक करून दिला.

"अगं, ह्याला काय लग्नाला नेऊ?" अक्का वरवर घडी बघून हसल्या. दिवसभर मी हवेत होते.

त्या तंबू घेऊन डोंगराकडं गेल्यावर शेजारच्या मशीनवरच्या मास्तरांना मी हे कौतुकानं सांगितलं. त्यांनी पाय थांबवला. "इस्त्री? आतून? बाई, पाणी अडतं ते आतल्या लेपानं. तो गरम इस्त्रीनं सुटतो. मच्छरदाणी केलीस तू त्याची." मग हळूच म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. तूही बोलू नकोस."

रेडिओवर घाटातल्या पावसाची बातमी होती. डोंगरावर निरोप कुणाच्या हाती पाठवणार? मी ताट तसंच झाकून ठेवलं.

चौथ्या दिवशी दुपारी अक्का आणि ती पोरं अर्ध्या वाटेवरून परत आली. एक मुलगी अक्कांच्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली, तापानं फणफणलेली. तिला थेट दवाखान्यात नेलं. एक मुलगा चिडून म्हणाला, "अक्का, तुमचा कापडवाला चोर आहे. रात्रभर आत गळत होतं."

अक्का खुर्चीत बसल्या. "सरी, ठीक आहे. बंद करते त्याच्याकडून घेणं. एवढ्या वर्षांचा माणूस…"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. गप्प राहिले तर माझं छप्पर शाबूत होतं. पण ते म्हातारे कापडवाले दर खेपेला माझ्यासाठी चुरमुऱ्यांची पुडी आणायचे.

"अक्का, कापड चांगलं होतं. मी इस्त्री केली त्याला."

अक्कांनी डोळे मिटले. मग विचारलं, "जेवलीस का?"

मला त्यांनी काढलं नाही. मुलगी बारा दिवसांनी दवाखान्यातून सुटली, कापडवाले येत राहिले. पण तंबू मास्तरांकडं गेले ते गेलेच. दोनदा मी विचारलं. "स्वल्प थांब गं," अक्का म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही.

त्यांच्या घरी मी आणखी पाच वर्षं जेवले. शिवून झालेला तंबू मास्तर घडी घालायला माझ्याकडं द्यायचे. तेव्हा अक्का हातातलं काम टाकून दारात येत आणि घडी पुरी होईपर्यंत माझ्या हातांकडं बघत उभ्या राहत.