अप्पांच्या दोन गोपिका

मंडळी, सकाळपासून मन लागत नाही, म्हणून दुपारीच ब्राउझिंग सेंटरवर येऊन हे लिहिते आहे.

मला चित्रं काढायला माझ्या वडिलांनी, अप्पांनी घरीच शिकवलं. आता त्यांना जवळजवळ दिसत नाही. नजर जाण्याआधी त्यांनी एका फळीवर शेवटचं रेखाटन केलं होतं: बाळकृष्ण आणि दोन्ही बाजूंना गोपिका. त्यावर खडूच्या लगद्याचा उठाव करून मी सोन्याचा वर्ख लावायचा, एवढंच ठरलं होतं.

मधे तीन महिने मी जपानात क्योतोला चित्रकला शिकून आले. तिथली चित्रं पाहून रिकाम्या जागेचं वेड लागलं. आपल्या तंजावरच्या चित्रातली गर्दी खुपू लागली. परत आल्यावर मी दोन्ही गोपिका पुसून टाकल्या आणि एकट्या कृष्णाचाच उठाव केला. अप्पांना विचारलं नाही.

आज त्यांनी फळी मांडीवर घेऊन उठावावरून बोटं फिरवली. कृष्णापाशी हसले. मग बोटं कडेला गेली.

"इथं दोघी होत्या की गं?"

"त्यांचं काम राहिलंय, अप्पा."

"सावकाश कर. डावीकडची तुझ्या आईसारखी आलीय. नाक बिघडवू नकोस."

आई माझ्या लहानपणीच गेली. ती त्या रेघांत होती, हे मला कळलंच नव्हतं.

क्योतोच्या आमच्या बाई स्वतःच्या कागदावर जागा सोडत. दुसऱ्याच्या रेघेला त्या कधी हात लावत नसत, हेही मी पाहिलं होतं.

आता मीच दोघी काढल्या तर अप्पांना कदाचित कळणारही नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. तुम्ही माझ्या जागी असतात तर आज घरी जाऊन काय सांगितलं असतं?