अक्काची भिंत

माझ्या गरोदर नातसुनेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "माती, खडू खावंसं वाटतं का? रक्त कमी असलं की वाटतं तसं."

आणि माझ्या नाकात भिंती सारवायच्या पांढऱ्या मातीच्या पोताऱ्याचा ओला वास शिरला.

निजामी जाऊन दहाएक वर्षं झाली असतील. माझी थोरली बहीण अक्का पहिल्या बाळंतपणाला भूमजवळच्या आमच्या घरी आली होती. दुपारी मी आत गेले, तर ती भिंतीकडं तोंड करून बसलेली. नखानं माती खरवडत होती आणि खात होती. ओठांवर पांढरी भुकटी, दातांखाली कचकच. भिंतीला मुठीएवढा खळगा पडला होता. मी ओरडले.

"आई, अक्का भिंत खायलीय!"

आई धावत आली, बघितलं आणि चक्क हसली. "डोहाळं हैत ते. खाऊ दे तिला." मग तिनं कोपऱ्यातला तसलाच एक खळगा दाखवला, जुना, पोताऱ्यानं गुळगुळीत झालेला. "ह्यो तुझ्या वेळचा."

आई वाचली होती. अक्का त्या बाळंतपणातून उठली नाही.

नातसून डॉक्टरीणबाईंना "नाही" म्हणाली. तरी मी तिचा हात हातात घेतला आणि एकेक नख बघितलं.