कालीबाईचे तीन मोह

कालीबाईच्या डाव्या गालावर कानापर्यंत गेलेली खाच आहे आणि त्या बाजूचा डोळा गेलेला आहे. ते काम अस्वलाचं, हे साऱ्या पाड्याला माहीत आहे. पण कोणी विचारलं तर ती सांगते, "उदेसिंगनं केलं." उदेसिंग तिचा धाकटा दीर.

पाडा अक्कलकुव्याच्या वर, जीप थांबते तिथून तासभराच्या चढावर. जंगलाच्या कडेची मोहाची तीन झाडं दोघा भावांची सामाईक. कालीबाईचा नवरा बाज्या जिवंत होता तोवर दोन्ही घरं मिळून फुलं वेचायची. रात्रभर फुलं गळायची. उजाडेपर्यंत ती अस्वलाची, साळिंदराची. टेकडीच्या माथ्यावर ऊन आलं की माणसांनी टोपल्या घेऊन जायचं, आणि माणसं परतली की उरलंसुरलं शेळ्यांचं. हे कोणी बसून ठरवलं नव्हतं, पण चालत आलं होतं. शिवाय वर जंगलात मोह पुष्कळ होते, त्यामुळे अस्वल खाली फारसं रेंगाळत नसे.

मग वरची झाडं तुटली, तिथं शेतं झाली. अस्वल रोज खाली येऊ लागलं. त्याच सुमारास बाज्या तापानं गेला आणि उदेसिंगची नियत फिरली. होळीनंतर एके सकाळी कालीबाई नेहमीच्या वेळेला पोचली, तर झाडांखालची जमीन झाडून नेल्यासारखी मोकळी. उदेसिंग आणि त्याची बायको भरल्या टोपल्या घेऊन उतरत होती.

"उशीर झाला तुला, भाभी," तो म्हणाला.

"मला उशीर नाही झाला. तू लवकर आलास."

तो नुसता हसला.

दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली, तर तो त्याहून लवकर. आठवडाभर असंच चाललं. शेवटी ती तांबडं फुटण्याआधीच निघाली, तीही बत्ती न घेता, कारण उजेड दिसला तर उदेसिंग जागा होईल. झाडाखाली बसून तिनं दोन ओंजळी वेचल्या असतील. समोर काळं झुडूप होतं, ते हललं.

तिच्या ओरडण्यानं अस्वल पळालं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. वर यायला निघालेल्या उदेसिंगनंच तिला पाहिलं. लोकांनी बांबूला झोळी बांधून तिला जीपपर्यंत नेलं. ती नंदुरबारच्या दवाखान्यात दोन महिने होती. उदेसिंग एकदाही भेटायला गेला नाही. त्या मोसमातली सगळी फुलं त्याच्या घरात वाळली.

पुढच्या वर्षी फुलं गळू लागली तसा तो तिच्या दारात आला. हातात गूळ घालून मळलेल्या मोहाचे गोळे होते. त्यांना कापसावर फवारायच्या औषधाचा उग्र वास येत होता.

"तुझा सूड घेतो, भाभी. आज संध्याकाळी ठेवतो."

गोळे झाडाखाली ठेवून तो परतला. दिवस मावळायच्या आत ती तिथं गेली, काठीनं एकेक गोळा ढकलून खड्ड्यात घातला आणि वर दगड रचले. ती शेवटचा दगड ठेवत होती तेव्हा उदेसिंग पाठीमागे उभा होता.

"ज्यानं तुझा डोळा काढला त्याला वाचवतेस?"

"ते मेलं तर मी रडणार नाही. पण ते त्याच्या वेळेला आलं होतं. मला त्याच्या वेळेत कुणी ढकललं?"

"अस्वल गेलं तर पहाट आपली होईल."

"तुझी होईल," ती म्हणाली. "ते आहे म्हणून तू अंधारात यायला घाबरतोस. तेवढंच माझ्या हाती उरलंय."

उदेसिंगनं तिच्या हातातली काठी हिसकावून मोडली. ती जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पंचांना आणून खड्डा दाखवला. त्याच वाटेनं सगळ्यांच्या शेळ्या चरायला जात. पंच चिडले. टेकडीच्या माथ्यावर ऊन येण्याआधी जो जाईल त्याची त्या वर्षी झाडं बंद, असं त्यांनी ठरवून दिलं.

आता दोघं एकाच वेळी चढतात, दोन झाडांखाली पाठमोरी बसून वेचतात आणि एक शब्द बोलत नाहीत. तिसऱ्या झाडाखाली अस्वलाची ताजी विष्ठा पडलेली असते. कालीबाई तिच्यावर थुंकते आणि पदर खोचून कामाला लागते.