आधी चावा, मंग लिवा

"आधी चावा, मंग लिवा," असं म्हणून ते सालीचा तुकडा थेट माझ्या तोंडासमोर धरायचे. हातावर नाही, तोंडासमोर. जणू मी औषध घ्यायला रडणारी पोर.

पोर कसली! अठ्ठेचाळीस वर्षांची घोडी होते मी. नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि बढतीसाठी उशिरा पीएचडीला बसले होते. त्या वेळच्या त्या बाईची टिंगल करायला मला फार आवडतं, कारण ती आता माझं काही वाकडं करू शकत नाही. उदगीरच्या आडत दुकानदाराची लेक. झाडं ओळखायची ती चित्रांवरून. जंगलात जायचं म्हणून तिने नवे बूट घेतले, तेही पांढरे! डोक्यावर क्रिकेटच्या पंचाची टोपी, गळ्यात जीपीएसचं यंत्र. किनवटला एसटीतून उतरली की स्टँडवरच्या बायका तोंडाला पदर लावायच्या.

ते मात्र हसायचे नाहीत. ते चिडायचे. वनखात्यात रोजंदारीवर राखणदार होते, आणि अख्खं रान आपल्याच घरचं असल्यासारखे माझ्यावर खेकसायचे. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. आपण त्यांना तऱ्हेवाईक म्हणतो आणि पुढे जातो.

माझा विषय होता रोहण. कडू सालीचं, आतून लालभडक झाड. तापाला, मोडल्या हाडाला त्याची साल तिकडे वाड्यावस्त्यांवर देतात. त्या सालीत नेमकं असतं काय, हे मला प्रयोगशाळेत शोधायचं होतं. पहिल्याच दिवशी मी चाकू काढला आणि हाताला आली ती साल कापायला लागले. त्यांनी मनगटच धरलं.

"मावळतीची काढून राहिल्या? दुपारच्या उन्हात झाड तितंच भाजतंय, अन् तुमी तितलंच कातडं काढता?"

"मग कुठली काढू, मामा?"

"उगवतीची. वीतभर, चार बोटं. वरून शेणमाती लिंपायची. खपली धरेस्तोवर त्या झाडाकडं बघायचं बी न्हाई."

मी वहीत लिहिलं, 'लोकसमजूत'. वर्षभराने एका जाड पुस्तकात वाचलं की खोडाची मावळती बाजू उन्हाने जास्त तापते आणि तिथली जखम भरायला वेळ लागतो. मग मला पटलं. पुस्तकाने सांगितलं ना!

नाल्याकाठी रोहणाची सात जुनी झाडं होती. रस्त्यावरून दिसत नसत. तिथे मला न्यायला त्यांनी दोन वर्षं लावली. पोचल्याबरोबर मी यंत्र चालू केलं.

"ह्यो डबा काय करून राहिला?"

"झाडाचा पत्ता सांगतो, मामा."

"कुनाला?"

मी हसले. खरंच हसले हो. केवढा अडाणी प्रश्न, असं त्या पांढऱ्या बुटातल्या बाईला वाटलं. ती मला आज समोर मिळाली असती ना, तर तिची टोपी नाल्यात फेकली असती.

लातूरच्या चर्चासत्रात माझा शोधनिबंध गाजला. शाल मिळाली. निबंध इंटरनेटवर आला, तक्त्यात सातही झाडांचे अक्षांश-रेखांश, अगदी दशांशापर्यंत. त्यांच्याबद्दल एक ओळ होती: 'स्थानिक माहितगारांच्या मदतीने.' नाव घालायला जागा नव्हती म्हणे. दशांशांना होती.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "या. बघून जा." एवढंच.

सातही झाडं पुरुषभर उंचीपर्यंत चहूबाजूंनी सोललेली. लाल, ओली, उघडी. अशी गोल सोललेली झाडं जगत नाहीत, हे सांगायला पीएचडी लागत नाही. साल नेणाऱ्यांपैकी एकाला त्यांनी पकडलं होतं. त्याच्या मोबाइलवर माझा तक्ता होता.

मी म्हणाले, "मामा, मला काय माहीत..."

"मी इचारलं व्हतं," ते म्हणाले. "कुनाला, म्हनून."

खात्याने चौकशी लावली. जागा कुणी दाखवली? माझ्या निबंधात त्यांचं नाव नव्हतं. चौकशीच्या कागदावर पहिलं नाव त्यांचंच होतं. मी जाऊन एवढंच सांगायचं होतं, की पत्ता मी छापला. पण माझी मौखिक परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. गाइड सर म्हणाले, "मॅडम, यात पडू नका." आणि मॅडम पडल्या नाहीत. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. 'उद्यापासून येऊ नको' म्हटलं की झालं. इकडे मी डॉक्टर झाले आणि स्टाफरूममध्ये पेढे वाटले. ते पेढे आठवले की आजही माझे दात शिवशिवतात, रागाने.

पेढ्यांनंतर महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. वाटलं होतं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खिशातून सालीचा वाळका तुकडा काढला आणि पहिल्यांदाच माझ्या तळहातावर ठेवला.

"चावा," म्हणाले. "पर लिवू नका."

ते गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं.

परवा नातीने कौतुकाने मोबाइलवर माझं नाव टाकलं, तर तोच निबंध वर आला. "आजी, तू फेमस आहेस!" तक्ता जसाच्या तसा. आकडे अजून बरोबर आहेत. झाडं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन थडकले. आमच्या वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटातून माझा रोहण काढायला लावला. कागदावर चिकटवलेली डहाळी, कोपऱ्यात माझ्या ऐटबाज अक्षरात चिठ्ठी: संग्राहक, मी. खाली तेच आकडे. मी त्या आकड्यांवर काळी शाई फिरवली.

"मॅडम! जुन्या चिठ्ठीला हात लावत नाहीत!" नवा प्राध्यापक ओरडला.

"मला शिकवतोस? तो नियम तुझ्या सरांना मीच शिकवलाय."

नियमाप्रमाणे शेजारी नवी चिठ्ठी चिकटवता येते. तेवढी चिकटवली. मग पर्समधून तो वाळका तुकडा काढला, दाढेखाली धरला. इतक्या वर्षांनी अजून तितकाच कडू. डोळ्यांत पाणी आलं. कडू होता म्हणून, असं त्या पोराला सांगितलं.

लिहू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. ऐकलं नाही. संग्राहकापुढे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, बाकी एक अक्षर नाही. इथे ते नाव सांगणार नाही. पत्ते छापून माझं पोट भरलंय.

चावत चावतच लिहिलं.