काळं दिसलं म्हणून हाड नाही?

आई फिट येऊन पडली की आधी चपलेचा शोध सुरू व्हायचा. ज्याच्या पायातली निघेल ती तिच्या नाकाला. मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडे आमचं गाव. नव्वदच्या सुमाराला तिथे फिटवर तेवढाच इलाज. शुद्धीवर आल्यावर आई तोंड पुसत म्हणायची, "वास मला आता येतोय गो. पडले तवा नाय आला." ऐकतंय कोण? पुढे भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, तिला कुणी बोलवेना. चिखलात पालथी पडली तर निस्तरायचं कुणी, म्हणायचे. एकट्या बाबांच्या मजुरीवर घर. आम्ही पेज पिऊन शाळेत जायचो.

तो राग मी अजून सोडलेला नाही. त्याच रागात शहापूरला कॉलेज केलं, घरातली पहिली पदवी घेतली, मग फिजिक्समध्ये एमएस्सी. दोन हजारचं दशक सरत आलं तेव्हा मुंबईत एका संशोधन गटात लागले.

काम पेट स्कॅनचं. पेशंटला टोचलेल्या औषधातून किरण निघतात, पण बाहेर येईपर्यंत त्यातले काही शरीरातच मुरतात. किती मुरले ते धरून चित्र दुरुस्त करायचं, तर शरीराचा नकाशा लागतो. सीटी स्कॅनमध्ये हाड पांढरंशुभ्र दिसतं. पण सीटीचे जादा किरण टाळायला आम्हाला नकाशा काढायचा होता एमआरआयवरून, आणि तिथे हाड हवेसारखंच काळं. म्हणून आमच्या प्रोग्रामने कवटी मांसातच जमा केली होती. हाड किरण जास्त अडवतं. ते धरलंच नाही तर कवटीलगतचा चांगला मेंदूही मंद दिसणार. फिट बहुतेकदा मंद भागातून उठते, म्हणून फिटच्या पेशंटमध्ये डॉक्टर नेमका तोच शोधतात. कापतातही तिथेच.

मी हे गटाच्या प्रमुख सरांना सांगितलं.

"मॅडम, सगळे हाड सोडूनच देतात. थोडा फरक पडतो, चालतं."

"कुणाला चालतं, सर?"

आईचं मी एकदा चहाच्या वेळी बोलले होते. ते काढून सर हसत म्हणाले, "मुरबाडवाल्या मॅडम, आता मशीनला पण चप्पल हुंगवणार काय?"

सगळे हसले. माझे कान तापले. म्हटलं, "चप्पल तुमीच लावताय, सर. आत काय चाललंय ते न बघता." रागावले की माझं गावचं बोलणं बाहेर येतं. येऊ दे.

फिटच्या एका मुलीच्या स्कॅनमध्ये कवटीलगत मंद डाग होता. तिचा सीटीही झालेला होता. तो नकाशा म्हणून वापरून मी चित्र पुन्हा काढलं. डाग गेला. मेंदू तिथे धडधाकट होता.

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावून बघितली. "एका पेशंटवरून काय ठरतं?"

मग ज्यांचे सीटी होते ते सगळे केले. कवटीलगत प्रत्येकात तीच चूक. सरांनी सॉरी म्हटलं नाही, मीही वाट बघितली नाही. पण प्रत्येकाचा सीटी नसतो, हाड एमआरआयमध्येच दिसायला हवं होतं. तिथे हाडाचा सिग्नल उठतो आणि लगेच विझतो. नेहमीच्या पद्धतीत एमआरआय ऐकायला लागतो तोवर तो संपलेला असतो. आम्ही त्याला लवकर ऐकायला लावलं. कवटी दिसली. कच्ची, तुटक, पण दिसली.

आईच्या फिट आता गोळ्यांवर आहेत. आमच्या केंद्रात डोक्याच्या नकाशात हाड धरल्याशिवाय फिटच्या पेशंटचा रिपोर्ट जात नाही.