हनुवटीनं ऐकणारे मिस्त्री

गिटार हातात आली की मिस्त्री आधी तिच्या वरच्या कोपऱ्यावर हनुवटी टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सगळ्यात जाड तार एकदाच छेडायचे. तिचा आवाज विरेपर्यंत समोरच्यानं गप्प बसायचं. मग डोळे उघडून म्हणायचे, "जित्ती हाय." म्हणजे काम घेतलं.

जिंतूरला बसस्टँडच्या मागं त्यांचं दुकान होतं. भोंगे, माइक, मिक्सर, पंखे, सगळं तिथं यायचं. पाटीवर त्यांचं नाव होतं, पण ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. तुमच्याही गावात असा एखादा मिस्त्री असेलच, ज्याच्याकडून वस्तू लवकर परत मिळत नाही, पण मिळते तेव्हा शहाणी होऊन येते.

मी दिवसा कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून आणि जयंतीच्या दिवसांत आमच्या गायन पार्टीचा बेसवाला. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार, गाण्याच्या खालून घुमत राहणारी. माझी जुनी आणि साधी होती, आत ना बॅटरी ना सर्किट. मोकळ्या मैदानात लांबलचक वायरीतून साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत पोचेतो तिचा आवाज पार मलूल व्हायचा. एके वर्षी तालमीत शाहिरांनी, म्हणजे आमच्या मुख्य गायकांनी, सगळ्यांसमोर विचारलं, "तुमी वाजवायलाव का नुसती बोटं हलवायलाव? की-बोर्डवाला डाव्या हातानं बेस काढतो म्हणायलाय. बोरीच्या कार्यक्रमापर्यंत बघतो, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

मी वीस वर्षं त्या पार्टीत होतो. जिनिंगमध्ये मला कुणी फारसं विचारत नव्हतं. पार्टीत मी "बेसवाले" होतो. ते सुटलं तर माझ्याकडे उरणार काय, या विचारानं दुसऱ्याच दिवशी मी गिटार घेऊन मिस्त्रींचं दुकान गाठलं.

मिस्त्रींनी हनुवटी टेकवली, तार छेडली. "जित्ती हाय. पण बिचारीच्या अंगात जोर न्हाई. हिच्या पोटात प्रीअँप टाकू." छोटं सर्किट आणि नऊ व्होल्टची बॅटरी, आवाज गिटारीतच मोठा होऊन बाहेर पडेल, असं त्यांनी समजावलं.

सर्किट दोन दिवसांत तयार झालं, पण बॅटरीला आत जागा नव्हती. लाकूड कोरायला त्यांनी आठवडा लावला. रोज पटाशीनं नखाएवढं काढायचं, हनुवटी टेकवून ऐकायचं आणि झाकून ठेवायचं. मी वैतागलो. "काका, सुतार तासाभरात करून देईल."

माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत ते म्हणाले, "करंल की. पण त्याला कुठं ऐकायचीय?"

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे असं बघत राहायची त्यांची सवय मला उर्मट वाटायची, हे कबूल करतो.

गिटार देताना त्यांनी बजावलं, "वायर खोचली की बॅटरी चालू. काढली की बंद. वाजवून झालं की वायर काढायची. काढली का?"

"अजून लावलीच नाही, काका."

"तरी इचारून ठेवतो."

बाजूला एक नवीन बारकं बटन दिसलं. ते कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "हे तुमच्या इसरण्यासाठी. खाली केलं की बॅटरी बाजूला, गिटार पहिल्यासारखी." मला भयंकर राग आला. मी काय लहान पोर होतो?

पहिल्या तालमीला बेस असा घुमला की शाहिरांनी गाता गाता मागं वळून पाहिलं. त्यांच्याकडून ती शाबासकीच.

आमच्या पार्टीची एक रीत होती. तालमीसाठी वायरी एकदा जोडल्या की पहिल्या कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. जोडणी हलली की खरखर येते, ही शाहिरांची श्रद्धा. मीही सवयीनं ती पाळली. तीन आठवडे माझी गिटार विहारामागच्या तालमीच्या खोलीत वायरीसकट उभी होती. मिस्त्री कुठंही गाठायचे. एकदा भाजीबाजारात मी मेथी बघत होतो, तर मागून आवाज आला, "वायर काढली का?"

"काढली, काढली," मी न वळताच म्हणालो.

बोरीला दुसऱ्याच गाण्यात बेस घरघरला आणि गप्प झाला. शाहीर वळले. की-बोर्डवाल्याचा डावा हात सरसावला. मिस्त्री स्टेजला लागून बसले होते, फळीवर तळवा टेकवून. त्यांनी एक बोट वर केलं आणि खाली आणलं. बटन! मी ते खाली केलं. आवाज आला, बारीक, जुनाच, पण आला. साउंडवाल्यानं तो मिक्सरवर वर घेतला आणि गाणं पार पडलं.

नंतर चहा घेताना शाहीर म्हणाले, "फुडच्या वर्षी तालमीला येळेवर येत जा." माझी जागा राहिली होती.

मी मिस्त्रींसमोर उभा राहिलो. "काका, मी खोटं बोललो. वायर काढत नव्हतो."

"म्हाईत हाय. मेथी निवडताना तुमचं तोंडच दिसलं न्हाई. तोंड लपवलं की माणूस खोटं बोलतो."

"पण बेस गेल्याचं तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं?"

त्यांनी तळवा पुढं केला. "भोंग्यांनी माझे कान खाल्ले, लय वर्षं झाली. गाणं ऐकू येत न्हाई, बोलणं तोंडावरून वाचतो. हाडातून तेवढा तुमचा बेस येतो. तुमी थांबलाव, माझा कार्यक्रम खतम."

मला आधी लाज वाटली आणि मग त्या माणसाबद्दल माया दाटून आली. पुढं प्रत्येक कार्यक्रमात मी त्यांचा तळवा कुठं आहे ते बघून वाजवायला लागलो.

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. त्यांच्या नावानं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला पार्टी त्यांच्या अंगणात गायला बसली. त्यांची मुलगी म्हणाली, "भोंगे लावू नका. बाबांचे कान त्यांनीच घेतले." मग नुसती ढोलकी, पेटी आणि झांज. भोंग्याशिवाय बेस कुणाला ऐकू जात नाही. शाहीर हळूच म्हणाले, "तुमी नुसतं बसा."

मी गिटार घेऊन भिंतीला टेकलो. वायर पिशवीतच राहू दिली. वरच्या कोपऱ्यावर हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवत राहिलो.

"बेसवाले, काईच ऐकू येईना की तुमचं," शेजारचा कुणीतरी म्हणाला.

मला मात्र एकेक सूर हाडातून ऐकू येत होता. वायर काढलेली होती, काका.