देवधरांची तारीख

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला तर मी त्याचा आवडता मग फोडला तेसुद्धा त्याच संध्याकाळी सांगून टाकते. हे मात्र जिभेच्या टोकापर्यंत येतं, आणि मी चहा टाकायला उठते. आज तुम्हाला सांगते. चहा आधीच टाकून ठेवलाय.

मी कुवेतमध्ये, शर्कच्या एका ऑफिसात, काँट्रॅक्ट्स विभागात काम करते. घर सबाह अल-सालेमला. नवरा पहाटे दक्षिणेला रिफायनरीत जातो, मी उत्तरेला. आमचं सगळंच विरुद्ध, पण तो विषय वेगळा. मला तेव्हा गाडी चालवता यायची. म्हणजे — शिकवणारा शेजारी बसलेला असला की यायची. लायसन्सच्या टेस्टचं नाव काढलं की मी विषय बदलायची. इथले दवार, ते मोठाले गोल चौक, त्यात चहूबाजूंनी घुसणाऱ्या जीपगाड्या, आणि मधे मी? नवऱ्याला सांगत राहिले, टेस्टची तारीखच मिळत नाही.

मला रोज ऑफिसला न्यायचे ते देवधर. आमच्याच कंपनीतले पंपांचे इंजिनियर, मूळचे नाशिकचे, साठी ओलांडलेले. काकू आधीच नाशिकला परतलेल्या, त्यामुळे शेजारच्या बिल्डिंगमध्ये एकटे राहत. गुरुवारी येताना मी शर्कच्या मासळीबाजारात झुबैदी घ्यायला उतरायची (आपलं पापलेटच ते), आणि हा शुद्ध शाकाहारी माणूस काचा खाली करून गाडीत बसून राहायचा. एकदाही नाक मुरडलं नाही. भिडस्त माणूस. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रोज सकाळी गाडीत त्यांच्या थोरल्या भावाचा फोन यायचा. स्पीकरवर. या नानांना काचबिंदू झालेला, नजर कडेकडून कमी होत चाललेली. दोघे भाऊ लहानपणापासून कॅरमवेडे. नानांना बोर्ड दिसतोय तोवर घरी जाऊन रोज डाव मांडायचा, एवढंच देवधरांना हवं होतं. ‘मधली राणी दिसते रे अजून,’ नाना म्हणायचे, ‘कोपरे गेले. कधी येतोस?’ हे मी रोज ऐकत होते. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोयच नाही.

देवधर राजीनामा देऊन बसलेच होते. अडकले ते एका खटल्यात. अमेरिकेतल्या एका कारखान्याचे पंप खराब निघाले, म्हणून आमच्या कंपनीने तिथल्या फेडरल कोर्टात दावा लावला होता. पंप तपासले होते देवधरांनी, तेव्हा त्यांची साक्ष हवीच. आणि ते एकदा भारतात गेले की साक्ष परवानग्यांच्या फेऱ्यात अडकणार. साहेब म्हणाले, साक्ष देऊनच जा. हे भिडेखातर हो म्हणाले.

तिकडे खटला उभा राहायच्या आधी प्रत्येक गोष्टीची मुदत ठरलेली असते — कागद कधीपर्यंत द्यायचे, साक्षी कधीपर्यंत घ्यायच्या. मुदत वाढवून हवी तर न्यायाधीशांना सबळ कारण दाखवावं लागतं. अर्ज आमचे अमेरिकेतले वकील करायचे. आणि कारण? ते पुरवायचं काम माझ्याकडे.

पहिलं कारण खरं होतं. रमजान, ऑफिसचे तास कमी, कागद गोळा होईनात. मुदत वाढली. बातमी वाचून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, सांगू? चला, देवधर अजून आहेत, दवार टळला.

दुसऱ्या वेळी मी लिहिलं, अरबी तपासणी अहवालांचं भाषांतर अजून आलेलं नाही. आलं होतं. माझ्या खणात होतं, त्यावर मी चिवड्याचा डबा ठेवत होते.

तिसऱ्या वेळी तर — लिहिलं की साक्षीदाराची तब्येत बरी नसते. त्याच सकाळी तो साक्षीदार स्टीअरिंगवर ताल धरून नाट्यगीत गुणगुणत होता. वकिलांनी लगेच शुभेच्छा धाडल्या, लवकर बरे व्हा म्हणून. मी देवधरांना म्हटलं, वकिलांनी तुम्हाला शुभेच्छा दिल्यात. ‘बघा,’ ते म्हणाले, ‘किती चांगली माणसं. आपण उगाच कोर्टाला नावं ठेवतो.’

हसू आलं ना? मलाही आलं होतं. तेच तर वाईट. मला मजा वाटत होती.

आणि खरं सांगायचं तर दवार हे निम्मंच कारण. टॅक्सी मिळत होती की. मला देवधर हवे होते. या परक्या गावात सकाळचा तेवढा वेळ मला माहेरी असल्यासारखं वाटायचं, आणि ते मला सोडवेना. म्हणून एका म्हाताऱ्या माणसाच्या नजरेतले महिने मी माझ्यासाठी वापरले.

शेवटी न्यायाधीशांनीच बजावलं, आता मुदत नाही. त्याच आठवड्यात गाडीत नानांचा फोन आला. ‘राणीपण गेली रे,’ ते म्हणाले, ‘तू ये तरी.’ देवधरांनी ‘येतो’ म्हणून फोन ठेवला. तेव्हा तरी मी खरं सांगितलं का? नाही. त्या दिवशी रस्ता फार लांब वाटला.

साक्ष आमच्याच ऑफिसातून, व्हिडिओवर झाली. पलीकडच्या वकिलांनी आधी आदबीने विचारलं, आज तब्येत कशी आहे? देवधर गोंधळले. म्हणाले, मला कधी सर्दीसुद्धा होत नाही. शेजारी बसलेली मी समोरचे कागद सारखे करायला लागले. पण सगळ्यांना वाटलं, म्हातारा धीराचा आहे.

ते गेले. मी टेस्ट दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाले. दवारात कोणी खात नाही हो माणसाला.

परवा देवधरांनी एक व्हिडिओ पाठवला. कॅरम मांडलेला. नाना स्ट्रायकरवर बोट ठेवतात, देवधर त्यांचं मनगट धरून जरासं डावीकडे वळवतात. सोंगटी पडते, आवाजावरून नानांना कळतं, दोघे पोरांसारखे हसतात. मग नाना विचारतात, ‘तेव्हा तुझी तारीख का रे मिळत नव्हती?’

‘अमेरिकेचं कोर्ट ते, नाना,’ देवधर म्हणतात. ‘आमच्या ऑफिसातली एक मुलगी होती. तिने फार खटपट केली बिचारीने.’

मी तो व्हिडिओ शर्कच्या पार्किंगमध्ये, माझ्याच गाडीत बसून पाहिला. आणि त्याखाली ‘छान’चा अंगठा पाठवला.